अ‍ॅनी मॉंडर

अ‍ॅनी स्कॉट डिल मॉंडर, माहेरचे आडनाव रसेल (१४ एप्रिल, १८६८ – १५ सप्टेंबर, १९४७), या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या खगोलशास्त्रज्ञ होत्या. सूर्यावरील डाग आणि सूर्याचा किरीट म्हणजेच करोना हे त्यांचे अभ्यासविषय होते. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात त्यांनी वऱ्हाडातील तळणी येथून किरीटाची महत्त्वपूर्ण छायाचित्रे घेतली.

शिक्षण व नोकरी

त्यांचा जन्म स्ट्रबेन येथे झाला. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजमधून त्या १८८९ साली गणिताची ट्रायपॉस परीक्षा उत्तीर्ण झाल्या; परंतु त्या काळी विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. १८९१ मध्ये त्या ग्रिनिच वेधशाळेत दरमहा ४ पौंड वेतनावर गणक म्हणून रुजू झाल्या. १८९५ मध्ये सहकारी एडवर्ड वॉल्टर मॉंडर यांच्याशी विवाह झाल्यावर, विवाहित स्त्रियांविषयीच्या नियमामुळे त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढील बहुतेक संशोधन त्यांनी विनावेतन केले.

तळणी येथील ग्रहण

२२ जानेवारी, १८९८ रोजी खग्रास पट्टा कोकण किनाऱ्यावरून वऱ्हाडमार्गे गंगेच्या खोऱ्याकडे गेला. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी वेध घेतले, तर मॉंडर दांपत्य ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या तुकडीसह आजच्या अमरावती जिल्ह्यातील तळणी येथे थांबले. गर्टन कॉलेजच्या निधीतून मिळवलेल्या, आकाशाचे विस्तृत क्षेत्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याने अ‍ॅनी यांनी सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीत सौरत्रिज्येच्या किमान सहापट लांबीचा किरीटकिरण टिपला. तोपर्यंत एवढा लांब किरण छायाचित्रात आलेला नव्हता.

किरीट व अवकाशातील धूळ

किरीटातील असे किरण मुख्यतः मुक्त इलेक्ट्रॉनांनी विखुरलेल्या सूर्यप्रकाशामुळे दिसतात. त्याबाहेरील मंद प्रकाश ग्रहांदरम्यानच्या धुळीमुळे येतो. हीच धूळ क्रांतिवृत्तालगत दूरवर पसरलेली असून अंधाऱ्या रात्री संध्याप्रकाश मावळल्यावर किंवा पहाटेपूर्वी क्षितिजावर राशिचक्रीय प्रकाशाच्या रूपाने दिसते. किरीटाच्या बाह्य भागाचा या प्रकाशाशी असलेला संबंध १९४० च्या दशकात स्पष्ट झाला.

अन्य कार्य व मान्यता

सौरडागांच्या अक्षांशांतील बदल दाखवणारी ‘फुलपाखरू आकृती’ मॉंडर दांपत्याने १९०४ मध्ये तयार केली. १९०८ साली ‘द हेवन्स अँड देअर स्टोरी’ हा ग्रंथ दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८९२ मध्ये त्यांना सदस्यत्व नाकारले होते. स्त्रियांना प्रवेश खुला झाल्यावर १९१६ मध्ये त्या सदस्य झाल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या ग्रिनिच वेधशाळेत स्वयंसेवक म्हणून परतल्या. २०१८ मध्ये तेथील नव्या दुर्बिणीला त्यांचे नाव देण्यात आले.