एडविन वे टील

एडविन वे टील (२ जून, १८९९ - १८ ऑक्टोबर, १९८०) हे अमेरिकन निसर्गलेखक, छायाचित्रकार व पक्षिनिरीक्षक होते. पत्नी नेली यांच्यासह मोटारीने अमेरिकाभर प्रवास करून त्यांनी चार ऋतूंवर लिहिलेली चार पुस्तके विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी हिवाळ्यावरील पुस्तकाला १९६६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

== सुरुवातीचे जीवन ==
टील यांचा जन्म इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे झाला. बालपणीच्या सुट्ट्या त्यांनी इंडियाना राज्यात, मिशिगन सरोवराच्या वाळूच्या टेकड्यांजवळ असलेल्या आजोळच्या शेतावर घालवल्या. निसर्गाची ओढ त्यांना तेथेच लागली. त्यांचे मूळ नाव एडविन आल्फ्रेड टील असे होते. लेखक होण्याचे ठरवून त्यांनी लहानपणीच मधले नाव बदलून 'वे' असे केले. अर्लहॅम महाविद्यालयातून ते १९२२ साली पदवीधर झाले. पुढच्या वर्षी त्यांचा नेली डोनोव्हन यांच्याशी विवाह झाला. १९२६ साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतली.

== कारकीर्द ==
१९२८ पासून टील 'पॉप्युलर सायन्स' या मासिकात लेखक म्हणून नोकरीस होते. फावल्या वेळात ते कीटकांची छायाचित्रे काढीत. त्यावर आधारित 'ग्रासरूट जंगल्स' हे पुस्तक १९३७ साली प्रकाशित झाले. ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि केवळ लेखनावर उपजीविका करण्याचे ठरवले. १९४३ साली त्यांना निसर्गलेखनासाठीचे जॉन बरोज पदक मिळाले.

== पुत्रवियोग आणि ऋतुयात्रा ==
वसंत ऋतूबरोबर दक्षिणेकडून उत्तरेकडे प्रवास करण्याची कल्पना टील दांपत्याच्या मनात अनेक वर्षे होती. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा एकुलता मुलगा डेव्हिड सैन्यात दाखल झाला. मार्च १९४५ मध्ये जर्मनीत मोझेल नदीच्या परिसरात तो बेपत्ता झाला. तो मारला गेल्याचे पुढे निश्चित झाले. या आघातानंतर, १९४७ च्या फेब्रुवारीत, दोघांनी लांबणीवर पडलेला प्रवास सुरू केला. ऋतुमालिकेतील पुस्तके त्यांनी डेव्हिडच्या स्मृतीस अर्पण केली.

फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या पाणथळ प्रदेशापासून न्यू हॅम्पशायरच्या पर्वतांपर्यंत त्यांनी सुमारे १७,००० मैल (सुमारे २७,००० किमी) अंतर कापले. वसंत ऋतू सपाट प्रदेशात दिवसाला सरासरी १५ मैल उत्तरेकडे सरकतो, असे मानून त्यांनी प्रवासाची आखणी केली होती. मात्र ते सरळ रेषेत गेले नाहीत. कधी किनाऱ्याकडे, कधी डोंगरांकडे वळत राहिले. दलदलीच्या कडेला, पुलाजवळ किंवा रानाच्या तोंडाशी गाडी थांबवून पक्षी पाहणे व टिपणे घेणे हा त्यांचा नित्यक्रम होता. मुक्काम बहुधा रस्त्यालगतच्या साध्या निवासांत असे. दुर्मिळ पक्ष्याइतकेच लक्ष ते नेहमीच्या पक्ष्याच्या वागण्याकडे देत. चारही प्रवासांत नेली त्यांच्यासोबत होत्या व त्या स्वतः जाणकार पक्षिनिरीक्षक होत्या.

== ऋतुमालिकेतील पुस्तके ==
* नॉर्थ विथ द स्प्रिंग (१९५१) – १७,००० मैल
* ऑटम अक्रॉस अमेरिका (१९५६) – २०,००० मैल. केप कॉडपासून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंत
* जर्नी इन्टू समर (१९६०) – १९,००० मैल
* वाँडरिंग थ्रू विंटर (१९६५) – २०,००० मैल. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकापासून मेन राज्यापर्यंत

== उत्तरायुष्य व वारसा ==
१९५९ साली टील दांपत्य कनेटिकट राज्यातील हॅम्प्टन येथे एका जुन्या शेतावर राहण्यास गेले. या जागेला त्यांनी 'ट्रेल वुड' असे नाव दिले. तेथील जीवनावर टील यांनी 'अ नॅचरलिस्ट बाइज ॲन ओल्ड फार्म' (१९७४) हे पुस्तक लिहिले. देशभर हिंडलेल्या या लेखकाने अखेरची दोन दशके याच शेतातील पायवाटांवर निरीक्षण करण्यात घालवली. वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ट्रेल वुड आता कनेटिकट ऑडुबॉन सोसायटीचे अभयारण्य असून ते अभ्यागतांसाठी खुले आहे. टील यांची हस्तलिखिते व टिपणे कनेटिकट विद्यापीठात जतन केलेली आहेत.