विश्लेषण : तीन वेळा हरूनही पक्षाला तोच उमेदवार का हवा होता? विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांची कहाणी काय सांगते?

एखादा लोकानुनयी नेता पुन्हा रिंगणात उतरला, की सगळ्यात आधी त्याचे जुने पराभव मोजले जातात. पण ब्राझीलचे लुला तीन पराभवांनंतर २००२ मध्ये जिंकले, तर मेक्सिकोचे लोपेझ ओब्राडोर दोन पराभवांनंतर २०१८ मध्ये अध्यक्ष झाले. अमेरिकेच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना मात्र तिन्ही वेळा अपयश आले. असे का झाले, त्याविषयी…

ब्रायन कोण होते?

जन्म १९ मार्च १८६०, इलिनॉय राज्यातील सेलम. शिक्षणाने वकील. १८८७ मध्ये ते नेब्रास्कातील लिंकन शहरात आले आणि १८९० व १८९२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. १८९४ मध्ये सिनेटवर जाण्याचा प्रयत्न फसला. म्हणजे पराभवाचा शिक्का राष्ट्रीय राजकारणात येण्याआधीच बसला होता. तरीही दोनच वर्षांत ते अध्यक्षपदाचे उमेदवार झाले.

चांदीचा मुद्दा काय होता? मुंबईशी त्याचा संबंध कसा?

शेतमालाचे भाव वर्षानुवर्षे घसरत होते, कर्जाचा आकडा मात्र तेवढाच राहत होता. गव्हाचा भाव निम्मा झाला, तर तेच कर्ज फेडायला दुप्पट गहू विकावा लागतो. सोन्याबरोबर चांदीचीही नाणी हवी तितकी पाडू दिली, तर बाजारात पैसा वाढेल, भाव चढतील आणि कर्ज हलके होईल, असे ब्रायन यांचे म्हणणे. सावकार आणि बँकांना नेमके हेच नको होते.

जून १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. मोठे गिऱ्हाईकच गेल्याने जगभर चांदी कोसळली. त्याच वर्षी अमेरिकेने सरकारी चांदी खरेदीचा कायदा रद्द केला. त्याला विरोध करताना ब्रायन प्रतिनिधिगृहात सुमारे तीन तास बोलले.

१८९६ मध्ये काय घडले?

९ जुलै १८९६. शिकागोच्या पक्ष अधिवेशनातील त्यांचे भाषण ‘सोन्याचा क्रूस’ या नावाने आजही ओळखले जाते. दुसऱ्या दिवशी उमेदवारी मिळाली. वय ३६, आणि राज्यघटनेनुसार किमान अट ३५ ची! पॉप्युलिस्ट पक्षानेही त्यांनाच पाठिंबा दिला. ‘पॉप्युलिस्ट’ हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. तेव्हा ते शेतकऱ्यांच्या पक्षाचे नाव होते.

ब्रायन यांनी रेल्वेने सुमारे २९ हजार किलोमीटर प्रवास केला. प्रतिस्पर्धी विल्यम मॅकिन्ली ओहायोतील घराच्या ओसरीवरूनच बोलत. लोकांना तिथे रेल्वेने आणले जाई. त्यांचे व्यवस्थापक मार्क हॅना यांनी उद्योगपतींकडून प्रचंड निधी उभा केला. शिवाय भारतातील दुष्काळी स्थितीसह इतरत्रही पीक बुडाल्याने ऐन निवडणुकीच्या तोंडावर गव्हाचे भाव चढले आणि शेतकऱ्याचा राग थोडा ओसरला. शहरातल्या कामगाराला तर महाग भाकरीत रस नव्हताच. निकाल : मॅकिन्ली २७१, ब्रायन १७६.

पुढचे दोन पराभव वेगळे होते का?

होते, आणि गणित इथेच चुकते. १९०० मध्ये ब्रायन यांनी फिलिपिन्सवरील अमेरिकी ताब्याला विरोध केला. पण दक्षिण आफ्रिका आणि क्लोंडाइकच्या खाणींतून सोन्याचा पुरवठा वाढला होता, भाव चढले होते. चांदीचा मुद्दा आपोआप विझला. या वेळी नेब्रास्काही हातचे गेले.

१९०४ मध्ये पक्षाने ‘सुरक्षित’ चेहरा म्हणून न्यायाधीश ऑल्टन पार्कर यांना उभे केले. त्यांना ३८ टक्केही मते मिळाली नाहीत. पक्षाला ब्रायन पुन्हा आठवले ते यामुळे. दरम्यान ते जगप्रवासाला गेले, भारतातही आले आणि १९०६ मध्ये ब्रिटिश राजवटीवर कडक टीका करणारा लेख लिहिला. १९०८ मध्ये टाफ्ट यांनी त्यांना ३२१ विरुद्ध १६२ असे हरवले.

ब्रायन यांची मते अनुक्रमे सुमारे ६५, ६४ आणि ६४ लाख. टक्केवारी मात्र ४६.७ वरून ४५.५ आणि मग ४३. जुना मतदार हलला नाही, पण नवा जोडला गेला नाही. लुलांनी २००२ मध्ये उद्योगपतीला उपाध्यक्षपदाचा जोडीदार केले आणि बाजाराला आश्वस्त केले. ब्रायन यांना औद्योगिक ईशान्येत तसे दार कधीच उघडता आले नाही. त्यामुळे किती वेळा हरला यापेक्षा, दर वेळी कोणता मतदार मिळाला नाही, हा आकडा पाहणे जास्त उपयोगाचे.

नंतर काय झाले?

१९१२ मध्ये वुड्रो विल्सन यांना उमेदवारी मिळवून देण्यात ब्रायन यांचा मोठा वाटा होता. त्या सरकारात ते परराष्ट्रमंत्री झाले. त्यांनी वर्षानुवर्षे मागितलेला प्राप्तिकर १९१३ मध्ये घटनादुरुस्तीने आला. सिनेटर थेट जनतेने निवडण्याची दुरुस्तीही त्याच वर्षी झाली. ती मंजूर झाल्याच्या जाहीरनाम्यावर परराष्ट्रमंत्री म्हणून सही ब्रायन यांचीच होती. जर्मनीला पाठवायच्या खलित्यावरून मतभेद झाल्याने जून १९१५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. टेनेसीतील डेटन येथे, उत्क्रांतिवाद शिकवण्यावरून गाजलेला खटला संपल्यावर पाचच दिवसांनी, २६ जुलै १९२५ रोजी त्यांचे निधन झाले.