लिलियन गिलब्रेथ: आधी वापरणाऱ्याला विचारणारी इंजिनिअर

ॲप बनवण्याआधी लोकांशी बोलायचं, ते फोन कसा वापरतात हे बघायचं, यालाच युजर रिसर्च म्हणतात. स्मार्टफोनच्या कितीतरी आधी अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ हेच काम करत होत्या.

त्यांचा जन्म १८७८ चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. १९१५ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. पती फ्रँक यांच्यासोबत त्या कामगारांच्या हालचालींचं चित्रीकरण करायच्या आणि कुठे कष्ट वाया जातात ते शोधायच्या. १९२४ मध्ये फ्रँक अचानक गेले. पदरात अकरा मुलं, आणि एका बाईचा सल्ला नको म्हणून अनेक कंपन्यांनी काम देणंच बंद केलं.

मग लिलियन बायकांच्या रोजच्या वस्तूंकडे वळल्या. जॉन्सन अँड जॉन्सनसाठी त्यांनी सॅनिटरी पॅडबद्दल हजारावर महिलांची मतं गोळा केली. त्यातून कळलं, की पॅड फार मोठे आणि अवघडल्यासारखे वाटणारे होते. कितीतरी जणी ते स्वतःच कापून-दुमडून नीट करून घेत होत्या. नुसते विक्रीचे आकडे बघून हे कळलं नसतं.

१९७२ मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. तुम्ही ॲप बनवताय? मग नुसतं आवडलं का, असं विचारू नका. अडल्यावर लोक काय जुगाड करतात, तेही बघा.