सुरतेच्या वाटेने गेलेले पवित्र शास्त्र

रुडॉल्फ अक्वाव्हिवा हे येशूसंघी पाळक. आपल्या मंडळीचे नव्हेत; तरी शब्बाथ शाळेत चित्रे दाखवून शिकविणाऱ्यांना त्यांची ओळख असावी.

1550 साली इटलीतील आत्री येथे एका सरदार घराण्यात ते जन्मले. 1578 मध्ये ते गोव्यास आले. दुसऱ्याच वर्षी अकबर बादशहाने ख्रिस्ती पंडित मागविले, तेव्हा दोन सोबत्यांसह ते दमणवरून सुरतेस पोहोचले व तेथून खुष्कीने फत्तेपूर सिक्रीस गेले.

1580 च्या मार्चमध्ये त्यांनी बादशहाला अँटवर्प येथे प्लांटिनने छापलेले बहुभाषी पवित्र शास्त्र नजर केले. अकबराने एकेक खंड मस्तकी लावला. त्यांतील कोरीव चित्रे दरबारी चित्रकारांच्या हाती पडली. बसावनाने एकावरून आपले चित्र काढले.

बादशहाने मात्र बाप्तिस्मा घेतला नाही. 1583 साली अक्वाव्हिवा निराश होऊन गोव्यास परतले. पोर्तुगीजांनी देवळे पाडल्यामुळे सासष्टीतील कुंकळ्ळी गाव खवळला होता. हा दोष आपण झाकू नये. तेथे चर्चसाठी जागा पाहावयास गेले असता 25 जुलै रोजी ते व त्यांचे सोबती मारले गेले. वय अवघे 32.

पुढे चारपाच वर्षांनी केसूदास नावाच्या हिंदू चित्रकाराने मत्तयाचे चित्र रंगविले. मूळ आकृती हॉलंडच्या हेमस्केर्कची, छापील व बिनरंगी. रंग केसूदासाने हाताने भरले. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय, जवळ देवदूत. ते चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.