राजकवी तांबे आणि त्यांच्या गीतांचे मोल

ग्वाल्हेरचे नाव निघाले की कोणाला किल्ला आठवतो, कोणाला ख्यालगायकी आठवते. परंतु ज्यांची गीते मराठी घरांतून आजही आवडीने ऐकली जातात ते राजकवी भास्कर रामचंद्र तांबे आपल्याच ग्वाल्हेरचे होते, याची जाणीव आमच्या विद्यार्थिमित्रांपैकी थोड्यांनाच असते. त्यांच्या काळी आपले हे सिटी सेंटर नव्हते. तेव्हाचे ग्वाल्हेर म्हणजे शिंदे सरकारच्या संस्थानाची राजधानी.

तांब्यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात, ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावली या गावी झाला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर वाढलेल्या या मुलाच्या कानांवर मराठीइतकीच हिंदी पडत असे. संस्कृत काव्याची गोडी त्यांना होती. टेनिसन आणि ब्राउनिंग या इंग्रज कवींचाही त्यांच्यावर संस्कार झाला. पुढे देवासच्या राजपुत्राचे शिक्षक म्हणून, आणि नंतर मध्य भारतातील संस्थानांत निरनिराळ्या हुद्द्यांवर त्यांनी चाकरी केली. कविता हा त्यांचा व्यवसाय कधीच नव्हता. स्वतःचा संग्रह काढण्याचीही त्यांना घाई दिसत नाही. इ. स. १९२० मध्ये त्यांचा पहिला संग्रह निघाला तो वा. गो. मायदेव यांच्या खटपटीने, आणि १९३५ साली समग्र कविता संपादून दिली ती माधव जूलियन यांनी. १९३७ मध्ये ग्वाल्हेर दरबाराने त्यांना राजकवी केले. ७ डिसेंबर १९४१ रोजी त्यांचे निधन झाले.

तांब्यांना संगीताची उत्तम जाण होती, आणि त्यांची कविता जणू गळ्यावर येण्यासाठीच जन्मली होती. तिचे खरे भाग्य मात्र कवीच्या मागे उजळले. वसंत प्रभू व पुढे हृदयनाथ मंगेशकर यांनी चाली दिल्या, लता मंगेशकरांनी त्या गायिल्या, आणि तबकड्या व आकाशवाणी यांच्या द्वारे ती गीते घरोघर पोचली. ज्यांनी तांब्यांचे पुस्तक कधी उघडले नाही त्यांनाही ती मुखोद्गत झाली. संस्थानिकांच्या आश्रयाने ज्या कवीचा चरितार्थ चालला, त्याच्या शब्दांना आता बाजारात किंमत येऊ लागली होती. ही किंमत कोणाची, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

गीतामध्ये तीन निरनिराळे हक्क असतात. शब्दांचा हक्क कवीचा, चालीचा संगीतकाराचा, आणि ध्वनिमुद्रणाचा ते काढणाऱ्याचा. तबकडी विकली गेली, गीत नभोवाणीवर लागले किंवा एखाद्या उपाहारगृहात वाजले, की हक्कदारांना काही रक्कम देय होते. हीच रॉयल्टी, म्हणजे स्वामित्वधन. गावोगाव वाजणाऱ्या गीतांचा हिशेब एकटा कवी कसा ठेवणार? म्हणून संगीताचे प्रकाशक आणि हक्कदारांच्या संस्था हे काम पाहतात. प्रत्येक गीताची नोंद करणे, परवाने देणे, पैसा गोळा करणे आणि ज्याचा त्याला वाटून देणे, असा हा व्यवहार असतो. आपल्या देशात इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ साली निघाली. तेव्हा तांबे जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती.

कवी गेला तरी हक्क जात नाही. तो वारसांकडे, किंवा कवीने ज्याला लिहून दिला असेल त्याच्याकडे जातो. १९५७ च्या कायद्याने ही मुदत मृत्यूनंतर पन्नास वर्षांची ठरविली, आणि ती मोजायची मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून. येथे एक विलक्षण योग जुळून आला. रवींद्रनाथ ठाकूरही १९४१ सालीच, तांब्यांच्या बरोबर चार महिने आधी, निवर्तले होते. त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपणार म्हणून मोठी चळवळ झाली, आणि मुदत सरण्यास तीन दिवस उरले असता, २८ डिसेंबर १९९१ पासून, ती साठ वर्षांची करण्यात आली. वाढ झाली ती गुरुदेवांकरिता. पण कायदा नाव पाहत नाही, वर्ष पाहतो. तांब्यांच्या गीतांनाही ती दहा वर्षे आपोआप मिळाली! दोघांच्याही शब्दांवरील हक्क ३१ डिसेंबर २००१ रोजी एकाच दिवशी संपला.

हयात असलेल्या गीतकारांची स्थिती मात्र दीर्घकाळ बिकटच होती. ठराविक रक्कम घेऊन सारे हक्क लिहून द्यायचे, मग गीत कितीही गाजो, ही चित्रपटसृष्टीतील रूढी. २०१२ च्या दुरुस्तीने तीस आळा घातला. चित्रपटगीत चित्रपटगृहाबाहेर वाजले, की त्या स्वामित्वधनात गीतकार व संगीतकार यांचा समान वाटा राहतो आणि तो त्यांना निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही; वारसांना किंवा हक्कदारांच्या संस्थेलाच देता येतो. आमच्या मते हे फारच उशिरा झाले.

तांब्यांचे शब्द आज सर्वांचे आहेत. कोणीही ते छापावेत, त्यांस नवी चाल लावावी. संगीतकारांनी दिलेल्या चालींचा हक्क निराळा. तो संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. शाळेच्या संमेलनात विद्यार्थी व शिक्षक यांनी गायिले आणि श्रोते शाळेतील मंडळी व पालकच असले, तर त्या चालींसाठीही परवाना लागत नाही. निवेदकाने मात्र गायिका आणि संगीतकार यांच्याबरोबर कवीचेही नाव घ्यावे. ते बहुधा राहून जाते.