कागदाच्या घडीतला शिंपी

शिवण नव्याने शिकणाऱ्याला सुईची भीती फारशी वाटत नाही. भीती वाटते ती कात्रीची. टीप वाकडी गेली तर उसवता येते. पण कापड चुकीचे बेतले गेले, तर ते परत सांधता येत नाही. नवख्या हातांची ही धास्ती ज्याने खऱ्या अर्थाने कमी केली, त्या एबेनेझर बटरिक याचे नाव शिवणयंत्रवाल्या सिंगरइतके आपल्याकडे रुळलेले नाही.

बटरिकचा जन्म २९ मे १८२६ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टर्लिंग या लहानशा गावी झाला. वडील सुतारकाम करीत. एबेनेझरने मात्र शिंप्याचा धंदा पत्करला. १८५० मध्ये एलेन पोलार्ड हिच्याशी त्याचा विवाह झाला. एरवी गावातला एक बऱ्यापैकी शिंपी म्हणूनच त्याचे आयुष्य सरले असते.

तो काळ घरोघरी शिवण्याचा होता. बायकामुलांचे तयार कपडे दुकानात जवळजवळ मिळतच नसत आणि शिंप्याची मजुरी सामान्य कुटुंबाला परवडत नसे. सिंगर कंपनीने १८५६ पासून हप्त्यांवर यंत्रे विकायला प्रारंभ केल्याने यंत्र घरात येऊ लागले होते, पण बेतायचे कसे, हा प्रश्न तसाच होता. मासिकांतून आराखडे छापले जात. परंतु ते इवलेसे असत किंवा एकाच मापाचे. ते आपल्या अंगाप्रमाणे वाढवणे हे कसबी माणसाचे काम. छाती दोन इंचांनी वाढवली म्हणजे गळाही दोन इंचांनी वाढत नाही, मुंढ्याचे गणित तर आणखी वेगळे. नवखी गृहिणी इथेच फसे आणि हातचे कापड वाया जाई.

एलेन आपल्या तान्ह्या मुलासाठी चौकड्यांच्या कापडाचा झगा बेतायला बसली असता याच अडचणीत सापडली आणि प्रत्येक मापाचा नमुना तयार मिळाला तर किती सोपे होईल, असे तिने नवऱ्याजवळ बोलून दाखवले, अशी कथा सांगितली जाते. कथेत थोडी भर पडली असेलही. पण पुढचे काम खरे आहे. बटरिकने आधी जाड पुठ्ठ्यावर नमुने कापून पाहिले. पुठ्ठ्याची घडी होईना, मग तो पातळ कागदाकडे वळला. त्या कागदाची चळत एकदम कापता येत होती आणि घडी टपालाने पाठवता येत होती. १८६३ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असताना, त्याने पुरुषांच्या व मुलांच्या सदऱ्यांचे निरनिराळ्या मापांचे नमुने विक्रीस काढले. इटलीच्या गॅरिबाल्डीच्या पोशाखावरून बेतलेला मुलांचा सूट तर विलक्षण खपला.

या नमुन्यांवर छापील रेघा नसत. कुठे जोडायचे, कुठे चुणी घ्यायची, हे कागदाला पाडलेल्या भोकांवरून आणि खाचांवरून ओळखायचे. तरीही मापाचा कागद कापडावर टाचून त्याच्या कडेने कात्री चालवणे, एवढे तर कोणालाही जमण्यासारखे होते!

कागदी नमुने विकणारा बटरिक हा पहिला नव्हे. न्यूयॉर्कमध्ये एलेन डेमोरेस्ट ही बाई त्याच्याही आधीपासून ते विकत होती आणि तिच्या वाट्याला पुढे फार कमी श्रेय आले. बटरिकचे वैशिष्ट्य मापवारीत होते. ते शिंप्यालाच सुचावे असे.

१८६४ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर कार्यालय थाटले. १८६६ पासून स्त्रियांच्या कपड्यांचे नमुने निघू लागले आणि खपाचे आकडे पालटले. १८७० च्या दशकाच्या प्रारंभी वर्षाला सुमारे ६० लाख नमुने विकले जात होते. लंडन आणि पॅरिसमध्येही शाखा निघाल्या. नमुन्यांच्या जाहिरातीसाठी मासिके काढली गेली. त्यातले १८७३ मध्ये सुरू झालेले ‘डिलिनिएटर’ पुढे इतके वाढले, की कादंबरीकार थिओडोर ड्रायझर १९०७ ते १९१० या काळात त्याचा संपादक होता.

खुद्द बटरिक या पसाऱ्यात हळूहळू मागे सरत गेला. १८८१ मध्ये कंपनीची फेररचना झाली, तेव्हा सूत्रे भागीदारांकडे गेली होती. ३१ मार्च १९०३ रोजी ब्रुकलिन येथे वयाच्या ७६ व्या वर्षी त्याचे निधन झाले. ‘डिलिनिएटर’ त्यानंतरही १९३७ पर्यंत निघत राहिले.