शोकासह सेवेची वाट : संत एलिझाबेथ ॲन सीटन

दरवर्षी ४ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत एलिझाबेथ ॲन सीटन यांचे स्मरण करते. अमेरिकेत जन्मलेल्या पहिल्या संत म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु ज्यांच्या घरातून जिवलग माणूस कायमचे गेले आहे, त्यांना त्यांचे जीवन विशेष जवळचे वाटेल.

२८ ऑगस्ट १७७४ रोजी न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या एलिझाबेथ यांचे मातृछत्र बालपणीच हरपले. वडील डॉक्टर रिचर्ड बेली यांना १८०१ साली पीतज्वराने गाठले. १७९४ मध्ये त्यांचा विवाह विल्यम सीटन यांच्याशी झाला होता. पाच अपत्ये झाली. पुढे व्यापार बुडाला व विल्यम यांना क्षय जडला. हवापालटासाठी १८०३ मध्ये हे दांपत्य थोरल्या ॲनाला घेऊन इटलीस गेले. न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराची साथ असल्यामुळे लिव्होर्नो बंदरात त्यांना सुमारे महिनाभर थंड, दमट विलगीकरणगृहात ठेवण्यात आले. तेथून सुटका होऊन आठवडाही लोटतो न लोटतो, तोच २७ डिसेंबर रोजी पिसा येथे विल्यम यांनी प्राण सोडला. एलिझाबेथ तेव्हा अवघ्या २९ वर्षांच्या होत्या.

फिलिक्की कुटुंबाने त्यांना आधार दिला. त्या घरात त्यांना ख्रिस्तशरीराच्या साक्रामेंताची ओढ लागली आणि १८०५ मध्ये त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. १८०९ मध्ये मेरीलँडमधील एमिट्सबर्ग येथे त्यांनी धर्मभगिनींचा संघ स्थापन केला व मुलींची शाळा उभारली.

मात्र संन्यस्त जीवनातही मृत्यूने त्यांची पाठ सोडली नाही. हॅरिएट व सेसिलिया या नणंदा गेल्या. मार्च १८१२ मध्ये १६ वर्षांची ॲना क्षयाने गेली. या आघाताने त्या खचल्या. कित्येक महिने मन थाऱ्यावर नव्हते. फादर सिमोन ब्रुते यांच्या मार्गदर्शनाने त्या हळूहळू सावरल्या. १८१६ मध्ये १४ वर्षांची रेबेकाही गेली. तरीही संघाची व शाळेची धुरा त्यांनी अखेरपर्यंत वाहिली. ४ जानेवारी १८२१ रोजी त्या प्रभुचरणी विलीन झाल्या. १४ सप्टेंबर १९७५ रोजी पोप पॉल सहावे यांनी त्यांना संत घोषित केले.

अश्रू ढाळणे म्हणजे श्रद्धा उणी असणे, असे आपण कित्येकदा मानतो आणि शोकाकुलांना लवकर सावरण्याचा आग्रह धरतो. या संत मातेलाही सावरण्यास वेळ लागला, सोबतीची गरज भासली. आपल्या धर्मग्रामातील दुःखी कुटुंबाला अंत्यविधीनंतरच्या महिन्यांतही आपण ती सोबत देऊ या.